तक्रारीलाही दरबार लागतो

रोज पहाटे उठल्यावर मी सर्वांत आधी माझ्या पतींच्या मनगटावर तीन बोटे ठेवते. चार वर्षे ते मनगट डावे होते, गेल्या महिन्यापासून उजवे आहे. त्याविषयी पुढे लिहीन. शस्त्रक्रिया करून धमनी आणि शीर जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात तिथे त्वचेखाली एक बारीक थरथर हाताला लागते, मांजर मांडीवर येऊन बसल्यावर तिच्या गळ्यात चालते तशी. डायलिसिस विभागातल्या परिचारिका तिला ‘थ्रिल’ म्हणतात. ती लागली म्हणजे फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेला हा जोड, चालू आहे, आणि ती लागली नाही तर चहासुद्धा न घेता रुग्णालय गाठायचे, असे त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते. सासूबाई तेव्हा जाग्याच असतात. अंधारातूनच त्या विचारतात, “लागली का गं?” मी “लागली” म्हणाले की त्या कूस बदलतात आणि त्यांची प्रार्थना सुरू होते.

‘परमेश्वराचे सार्वभौमत्व’ हा शब्द मी लहानपणापासून उपासनेत ऐकत आले आहे. गीतांमध्ये तो आहे, उपदेशांमध्ये आहे, आणि सुखात असताना तो उच्चारायला फारसे कष्ट पडत नाहीत. ज्याच्या हाती सर्व काही आहे त्याच्या हाती आपणही आहोत, हे आपले बरे चालले असेल तर किती सुखाचे वाटते! पतींच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम थांबवल्याचे समजले त्या दिवशी मात्र हेच वाक्य माझ्यासमोर उलटे होऊन उभे राहिले. सर्व काही त्याच्या हाती असेल, तर हेही त्याच्याच हातून आले. त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवले की आपण इतकी वर्षे ज्या सत्यावर टेकून बसलो होतो त्याला धारही आहे.

लोक आले, आणि प्रेमाने आले, हे आधी सांगायला हवे. त्यांनी डबे आणले, रुग्णालयात रात्री बसले, पैशांचे विचारले. त्याबरोबर वाक्येही आणली. “देवाची इच्छा,” “यात देवाची काहीतरी योजना असणार,” “सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात.” यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि शेवटचे तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलेच आहे. तरीही ती ऐकताना मला भांड्यावर झाकण ठेवल्यासारखे वाटे. आत काय उकळते आहे ते कोणालाच पाहायचे नव्हते. त्याच अध्यायात, त्या प्रसिद्ध वचनाच्या जेमतेम सहा वचने आधी, सारी सृष्टी वेदनांनी कण्हत आहे असे पौल लिहितो. मग आपणही कण्हतो असे लिहितो. आणि मग, प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माही अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो असे लिहितो. ही तीन कण्हणी ओलांडल्यावाचून अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत जाता येत नाही. आपण सांत्वनाला जाताना ती तिन्ही गाळून थेट शेवट हातात देतो.

दुसऱ्या वर्षी माझी नणंद मूत्रपिंड द्यायला तयार झाली. रक्तगट जुळला, क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचे रक्त एकमेकांना चालते का ही तपासणी, चांगली आली, शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापर्यंत गोष्ट गेली, आणि मंडळीत आभारप्रार्थनाही झाली. मग अखेरच्या तपासण्यांत तिलाच मधुमेहाची सुरुवात असल्याचे दिसले आणि डॉक्टरांनी नाव काढून टाकले. त्या संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती आणि जणू तिचाच अपराध असल्यासारखी पुन्हा पुन्हा माफी मागत होती. मी तिला जवळ घेतले, पण माझ्या मनात देवाविषयी जे आले ते येथे लिहिण्यासारखे नाही. ‘नाही’ म्हणायचेच होते तर पहिल्याच तपासणीत का म्हटले नाही? दारापर्यंत नेऊन दार बंद करण्यात कसली योजना?

त्यानंतरच्या काही महिन्यांत मी एक पळवाट शोधत होते, आणि ती पुष्कळांना सापडते तशी मलाही सापडली: देवाला थोडा लहान करायचा. त्याचे प्रेम खरे, त्याला आपल्याबरोबर रडूही येते, पण आजार, अपघात आणि जीवपेशींचा बिघाड यांवर त्याचे फारसे चालत नाही, असे मानायचे. यात एक मोठी सोय आहे. अशा देवावर रागावता येत नाही, कारण तो बिचारा आपल्याइतकाच हतबल असतो. काही आठवडे मी खरोखर शांत झाले. मग लक्षात आले की माझी प्रार्थनाही थांबली आहे. जो काही करू शकत नाही त्याच्याकडे काय मागायचे? आणि ज्याने काही केलेले नाही त्याला जाब तरी काय विचारायचा? समोर एक कनवाळू शेजारी होता, राजा नव्हता. मला राग होता, पण राग घेऊन जायला जागा उरली नव्हती.

माझी श्रद्धा परत आली ती या ठिकाणाहून, सांत्वनातून नव्हे. तक्रारीलाही दरबार लागतो. ज्याच्या अधिकाराबाहेरची गोष्ट आहे त्याच्या दारात कोणी अर्ज घेऊन उभे राहत नाही. पवित्र शास्त्रातली विलापाची भाषा मी त्यानंतर पुन्हा वाचली तेव्हा दिसले की ती सगळी देवाच्या सार्वभौमत्वावरच उभी आहे. तेराव्या स्तोत्रात दावीद “कोठवर?” असे चार वेळा विचारतो, ते ज्याच्या हाती कालमर्यादा आहे त्यालाच. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा तर शेवटही अंधारातच होतो; मूळ हिब्रूत अखेरचा शब्दच ‘अंधार’ आहे, आणि त्यानंतर दिलाशाची एकही ओळ नाही. तरीही त्या स्तोत्राचा कर्ता पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत “तू मला खोल गर्तेत टाकलेस,” “तू माझ्या मित्रांना दूर केलेस” असे ‘तू’ म्हणूनच बोलतो. त्याच्या दुःखाला कर्ता आहे आणि त्या कर्त्याला तो हाक मारू शकतो. असे स्तोत्र उपासनेच्या पुस्तकात ठेवणाऱ्या लोकांची देवाविषयीची समजूत आपल्यापेक्षा कितीतरी धीट होती.

संपत्ती, मुले आणि आरोग्य सारेच गमावलेल्या ईयोबाचे पुस्तक मी पूर्वी ‘धीराचे उदाहरण’ म्हणून वाचत असे, म्हणजे पहिले दोन अध्याय आणि शेवटचा. “परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!” हे वाक्य आपण अंत्यविधीत म्हणतो, आणि मधले जवळजवळ चाळीस अध्याय घरी ठेवून जातो. पण या पुस्तकात एक शब्द आहे, त्याने मला बराच काळ अडवून धरले. पहिल्या अध्यायात सैतान विचारतो, ईयोब काय ‘फुकट’ देवाचे भय धरतो? तेथे हिब्रू शब्द आहे ‘हिन्नाम’. दुसऱ्या अध्यायात परमेश्वर सैतानाला म्हणतो की तू मला त्याच्याविरुद्ध चिथवलेस, त्याचा ‘विनाकारण’ नाश करावा म्हणून. तेथेही शब्द तोच, ‘हिन्नाम’. म्हणजे ईयोबाच्या दुःखाला त्याच्या स्वतःमध्ये काहीही कारण नव्हते, हे खुद्द देवच सांगतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र पुढे अध्यायामागून अध्याय ते कारण शोधत राहतात, तू काहीतरी केले असशीलच म्हणतात, आणि बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वराचा कोप होतो तो त्यांच्यावर. त्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत.

आणि देवाचे उत्तर? अडतिसाव्यापासून एकेचाळिसाव्या अध्यायापर्यंत परमेश्वर बोलतो, आणि ईयोबाच्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राच्या सीमा, हिमाची भांडारे, रानगाढव, शहामृग, घोडा, गरुड, शेवटी बेहेमोथ आणि लिव्याथान हे दोन महाकाय प्राणी. परमेश्वर आणि सैतान यांचा स्वर्गातला तो संवाद, जो आपण वाचक पहिल्याच पानापासून जाणतो, ईयोबाला अखेरपर्यंत सांगितला जात नाही. तरीही तो शांत होतो. “तुझ्याविषयी मी कानांनी ऐकले होते, पण आता डोळ्यांनी पाहिले” एवढेच तो म्हणतो. त्याला उत्तर मिळाले नाही, भेट मिळाली. हे मला पूर्वी चुकवाचुकवी वाटे. आता वाटते की मला त्या रात्री, नणंद ओट्याशी उभी असताना, कोणी संपूर्ण आणि बिनचूक स्पष्टीकरण दिले असते तरी त्याचा मला काडीचा उपयोग झाला नसता. एक गोष्ट मात्र मी उपदेशकांना नेहमी सांगते. ईयोबाचे सर्व काही ‘दुप्पट’ परत मिळाले असे झटपट म्हणू नका. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, हे खरे. मुले मात्र पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच झाली, आणि ती दुसरी दहा होती. पहिल्या दहांची जागा त्यांनी भरून काढली, असे ते पुस्तक कोठेही म्हणत नाही.

सिद्धान्ताचा भाग थोडक्यात आटोपते, कारण त्यावर लिहिणारे माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत. १५६३ साली तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या एका जुन्या शिकवणीच्या पुस्तकात, १२९ प्रश्न आहेत, आणि त्यातला सत्ताविसावा प्रश्न देवाच्या तरतुदीविषयी आहे. पाने आणि गवत, पाऊस आणि अवर्षण, सुकाळ आणि दुष्काळ, आरोग्य आणि आजार, श्रीमंती आणि गरिबी हे सर्व योगायोगाने नव्हे, तर त्याच्या ‘पित्याच्या हातून’ येते, असे ते उत्तर सांगते. १६४६ सालच्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने त्याला एक आवश्यक कुंपण घातले: जे जे घडते ते देवाने ठरवले आहे, तरी तो पापाचा कर्ता नाही, आणि माणसांची इच्छा व घटनांमागची नैसर्गिक कारणे त्यामुळे रद्द होत नाहीत. या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात ते मला सांगता येणार नाही. पण पेत्र आपल्या पहिल्याच उपदेशात त्या एकाच वाक्यात बसवतो: येशूला देवाच्या ठाम संकल्पानुसार स्वाधीन करण्यात आले, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारले. संकल्प देवाचा, आणि अपराध तुमचा. जगातले सर्वांत मोठे दुष्कृत्य आणि जगाचे तारण ही एकाच दुपारची घटना होती. म्हणून एखाद्या गोष्टीत देवाचा हात आहे असे म्हणणे आणि ती गोष्ट चांगली आहे असे म्हणणे, ही दोन वेगळी विधाने आहेत. आजाराला शत्रू म्हणून त्याच्याशी लढण्याची मोकळीक मला या भेदातून मिळाली.

ही मोकळीक सर्वांनाच मान्य नसते. आमच्याकडे प्रार्थनेला आलेल्या एका गृहस्थांनी तिसऱ्या वर्षी सुचवले की खरा विश्वास असेल तर डायलिसिस थांबवून पाहावे. ते निघून गेल्यावर माझे पती, जे एरवी फार थोडे बोलतात, मला म्हणाले, “त्यांना यशयाचा अडतिसावा अध्याय वाचायला सांग.” त्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाच्या दारात असताना रडून प्रार्थना करतो, आणि परमेश्वर त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षे वाढवतो. वचन मिळाले, आकडाही मिळाला. तरी यशया सांगतो, अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर बांधा. ज्याला पंधरा वर्षांचे वचन आहे त्याने लेप का लावावा, असा प्रश्न संदेष्ट्याला पडला नाही. आमचे डायलिसिसचे यंत्र हा आमचा अंजिरांचा लेप आहे. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, पारदर्शक नळीतून गडद लाल रक्त बाहेर जाताना आणि धुतले जाऊन परत येताना मी पाहते. ‘ड्राय वेट’च्या, म्हणजे अंगात जास्तीचे पाणी नसतानाच्या वजनाच्या, वर किती वजन आले ते वहीत लिहिते, दिवसभराचे पाणी मापून बाटलीत भरून ठेवते. हे सगळे मी अविश्वासाने करत नाही.

योसेफाची गोष्टही आपण फार घाईने सांगतो. वडिलांच्या मेंढरांमागे जाणारा सतरा वर्षांचा मुलगा मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहतो तेव्हा तीस वर्षांचा असतो, हे दोन्ही आकडे उत्पत्तीच्या पुस्तकातच आहेत. मधली तेरा वर्षे भावांनी ज्यात टाकले तो खड्डा, गुलामगिरी, खोटा आळ आणि तुरुंग यांत गेली. त्यातही ज्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ त्याने सांगितला तो सुटल्यावर त्याला विसरला, आणि त्यानंतर ‘दोन वर्षे पुरी’ लोटली, असे शास्त्र नोंदवते. ती दोन वर्षे एका वाक्यात येतात. त्या काळात देव योसेफाशी काही बोलला असे कोठेही लिहिलेले नाही. “तुम्ही माझे वाईट करू पाहिले, पण देवाने त्यातून चांगले योजले” हे प्रसिद्ध वाक्य येते ते पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, आणि ते म्हणतो तो स्वतः योसेफ, आपल्या भावांना घाबरलेले पाहून, त्यांचे सांत्वन करण्यासाठी. तुरुंगाच्या दारातून डोकावून कोणी दुसऱ्याने ते त्याला ऐकवलेले नाही. दुःखाचा अर्थ सांगण्याचा पहिला हक्क ज्याने ते सोसले त्याचा, आणि त्यालाही तो सांगायला वर्षे लागतात.

शिवाय सगळ्यांनाच योसेफासारखा शेवटचा अध्याय मिळतो असेही नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, आणि मग पेत्राला तुरुंगात टाकतो. पेत्रासाठी देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. मंडळी पेत्रासाठी कळकळीने प्रार्थना करत होती असे या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. याकोबासाठी कोणी प्रार्थना केली नसेल का? त्याचा सगळा मृत्यू एका वचनात उरकला आहे, आणि पेत्राच्या सुटकेला अख्खा प्रसंग मिळाला आहे. लूक याचे कारण देत नाही, याकोबाचा विश्वास कमी पडला असेही सुचवत नाही. दोघे एकाच राजाच्या राज्यात होते, आणि तो राजा हेरोद नव्हता, एवढेच त्या अध्यायातून हाती लागते. नणंदेचे नाव कापले गेले त्याच महिन्यात आमच्या डायलिसिस विभागातल्या दुसऱ्या एका तरुणाला दाता मिळाला. त्याची आई पेढे घेऊन आली. मी पेढा घेतला, तिला मिठी मारली, आणि घरी येऊन हा अध्याय काढून बसले.

मंडळीत साक्ष देण्याची आपली एक ठरलेली रीत आहे, आणि तिच्याविषयी माझी एक तक्रार आहे. साक्षीला शेवट लागतो. आजार होता, प्रार्थना केली, बरे वाटले. नोकरी गेली, प्रार्थना केली, दुसरी मिळाली. मधल्या टप्प्यावर उभे राहून कोणी बोलत नाही, आणि कोणी बोललेच तर पाळकसाहेबांना पुढे काय म्हणावे ते सुचत नाही. हबक्कूक संदेष्ट्याने मात्र मध्येच साक्ष दिली आहे. खास्दी, म्हणजे बाबेलचे, लोक चाल करून येणार हे त्याला कळलेले आहे, त्याचे आतडे ढवळून निघाले आहे, ओठ थरथरत आहेत, हाडे कुजल्यासारखी झाली आहेत, आणि हे सर्व लिहून झाल्यावर तो म्हणतो की अंजिराचे झाड फुलले नाही, द्राक्षीला फळ आले नाही, शेतांत धान्य पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. या वाक्यापूर्वी किंवा नंतर परिस्थिती तसूभरही बदललेली नाही. थरथरणारे ओठ आणि आनंद हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडावर, एकाच वेळी आहेत.

मराठीचे व्याकरण १८०५ साली आणि मराठीचा शब्दकोश १८१० साली छापणारे इंग्रज मिशनरी विल्यम केरी आपल्याला भाषेच्या इतिहासातून ठाऊक असतात. ११ मार्च १८१२ रोजी बंगालमधल्या सेरामपूरच्या त्यांच्या छापखान्याला आग लागली तेव्हा ते कलकत्त्यात होते. अनेक भाषांचे ठसे वितळले, भाषांतरांची हस्तलिखिते जळाली, आणि संस्कृतोद्भव भाषांचा एक बहुभाषी शब्दकोश, ज्यावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते, तोही गेला. त्यानंतर उपदेशासाठी त्यांनी शेहेचाळिसाव्या स्तोत्रातले “शांत व्हा, मी देव आहे हे जाणा” हे वचन घेतले, आणि आपल्याविषयी हवे ते ठरवण्याचा हक्क देवाला आहे, असे ते बोलले. ही गोष्ट सांगणारे पुढे नेहमी सांगतात की वितळलेल्या धातूतून नवे ठसे ओतले गेले आणि मदतीचा ओघ आला. ते खरेच आहे. परंतु तो बहुभाषी शब्दकोश मात्र गेला तो गेलाच. केरींनी तो उपदेश केला तेव्हा मदत आलेली नव्हती, समोर राख होती. मला त्या माणसाची ती बाजू जास्त जवळची वाटते.

विलापगीताकडे मी शेवटी आले. यरुशलेम जळाल्यानंतरची ही पाच गीते आहेत. पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत, म्हणजे आक्रोशालाही कोणीतरी अक्षर अक्षर मोजून जागा करून दिली आहे. पाचव्या गीतात बावीस कडवी उरतात, पण तो क्रमही मोडून पडतो. पाचही गीतांची मिळून १५४ वचने होतात. एकदा डायलिसिसच्या चार तासांत, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून, मी ती मोजत बसले होते. त्यातले सत्त्याहत्तरावे, म्हणजे बरोबर अर्ध्यावर येणारे वचन, तिसऱ्या अध्यायाचे तेहतिसावे आहे: तो माणसांना पीडा देतो ती ‘आपल्या हृदयातून’ देत नाही. मूळ हिब्रूत शब्दशः असेच आहे. आणि त्यानंतर पाचच वचनांनी, परात्पराच्या मुखातूनच इष्ट आणि अनिष्ट दोन्ही निघत नाहीत काय, असा प्रश्न आहे. कवी हात झटकू देत नाही: आले ते त्याच्याकडूनच. पण जे आले त्यात त्याचे हृदय नव्हते. त्याचा हात मला समजत नाही तेव्हा त्याचे हृदय कोठे आहे हे विचारायला मी वधस्तंभाकडे जाते. गेथशेमाने बागेत पुत्रानेही हा प्याला टळावा म्हणून तीन वेळा मागितले होते, आणि तो टळला नव्हता.

गेल्या महिन्यात एका पहाटे थरथर लागली नाही. मी बोटे सरकवून पाहिली, दाबून पाहिली, कान टेकवून ऐकले. सासूबाईंनी विचारले, आणि मी उत्तर दिले नाही. रुग्णालयात गुठळी काढण्याचा प्रयत्न झाला, तो साधला नाही. मग मानेत तात्पुरती नळी घालावी लागली, आणि काही दिवसांनी उजव्या हातावर नवा फिस्टुला केला गेला. तो सुईसाठी तयार व्हायला आणखी काही आठवडे लागतील. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर मी जी प्रार्थना केली ती तक्रारच होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मी ती पूर्ण केली. सासूबाई शेजारी बसून होत्या. मी डोळे पुसल्यावर त्या म्हणाल्या, “त्यालाच सांग. त्याच्यावर कोणी नाही.” मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला विकतात, आणि लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना, म्हणजे पाचवी फुकट, हिशेबात न धरलेली, तिचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू म्हणतो. ती चिमणी जमिनीवर पडत नाही असे तो म्हणत नाही, पित्यावाचून पडत नाही असे म्हणतो. त्या बाकावर बसून मला या दोन वाक्यांतले अंतर पुरेसे वाटले की नाही, ते मी अजून ठरवलेले नाही.

नव्या फिस्टुलाची थरथर अजून फार बारीक आहे. बोटे थोडी जास्त वेळ ठेवावी लागतात, आणि तोपर्यंत खोलीत कोणी बोलत नाही. आज पहाटे सासूबाईंनी दोनदा विचारले. दुसऱ्या वेळी मी म्हणाले, “लागतेय, आई. जरा थांबा.”